प्रोसेसरचा गव्हर्नर आणि बाबांच्या वह्या

आजचा विषय दोन ओळींत सांगता येईल. एक, लिनक्सवर प्रोसेसरची वीज कशी वाचवायची. दोन, त्याच्या पंख्याला शिस्त कशी लावायची. हे वाचून निम्मी मंडळी इथूनच परत फिरतील याची कल्पना आहे, पण जरा थांबा. यात मोडी लिपी आहे, त्र्यंबकचा पाऊस आहे आणि माझे बाबा आहेत. जे फक्त सेटिंगसाठी आलेत त्यांनी पुढचे पाच-सहा परिच्छेद गाळले तरी मी रागावणार नाही :)

पार्श्वभूमी अशी. आमचं घर त्र्यंबकेश्वरचं आणि बाबा तीर्थोपाध्याय. यजमान आला की त्याचं नाव, गाव, वडिलांचं-आजोबांचं नाव, भाऊबंद, कधी आला, कशासाठी आला हे सगळं वहीत उतरवून घ्यायचं आणि जमलं तर खाली त्याची सही घ्यायची, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. याला नामावळी म्हणतात. पन्नास-साठ वर्षांनी त्याचा नातू दारात उभा राहतो, गाव आणि आडनाव सांगतो, आणि मग फडताळातून नेमकी वही निघते. आजोबांच्या सहीवर बोट ठेवून गप्प झालेली माणसं मी लहानपणापासून बघत आलोय.

यातल्या जुन्या वह्या मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी रोजच्या व्यवहारात होती, त्यामुळे 'जुन्या' म्हणजे फार जुन्या असंही नाही. पण वाचायला कठीण. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, लेखणी शक्य तितकी न उचलता ओळ ओढत नेलेली असते आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाचं वळण वेगळं. मला मोडीची अक्षरं येतात, वह्या येत नाहीत. आमच्या घरात त्या सरळ वाचू शकणारा माणूस आता एकच आहे आणि त्यांना सदुसष्टावं लागलंय.

म्हणून बेत असा ठरला की मी महिन्यातले दोन शनिवार-रविवार पुण्याहून घरी जायचं, पानांचे फोटो काढायचे, बाबांनी एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि ते त्या पानाच्या चित्राबरोबर रेकॉर्ड करून ठेवायचं. टंकन नंतर सावकाश करता येईल. आवाज मात्र आत्ताच घ्यायला हवा.

तुम्ही म्हणाल, आयटीवाला ना तू, मग सगळं क्लाउडवर का टाकत नाहीस? कारण ही नावं आमची नाहीत, यजमानांची आहेत. कुणाच्या घरात कोण केव्हा गेलं, कुणाला मूल नव्हतं, हे सगळं त्यात आहे. बाबांची अट एकच होती, वही घराबाहेर जाणार नाही. वहीचा फोटो म्हणजे वहीच, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

तेव्हा हाताशी होतं ते मशीन वापरायचं ठरवलं. २०१५ साली, सिंहस्थाच्या वर्षी, मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा बाबांनी घेऊन दिलेला असेंबल केलेला डेस्कटॉप. चौथ्या पिढीचा चार कोअरचा आय-फाइव्ह, कागदावर ८४ वॅटचा. त्यावर आता डेबियन आहे आणि इंटरनेटची वायर काढून ठेवलेली आहे. घरात त्याला सगळे 'डबा' म्हणतात.

अडचण आली ती आवाजाची. बाबा पान वाचतात तेव्हा डबा मागच्या पानांचे फोटो सरळ करणं, कडा कापणं, डाग कमी करणं अशी कामं करत असतो. चारही कोअर जुंपले की अर्ध्या मिनिटात पंखा चढतो. रेकॉर्डिंगमध्ये आवाजाखाली एक सलग घूंऽऽ. त्यातून एखादं 'बिन' की 'बाळ' हे ऐकून ठरवायचं म्हणजे वैताग. पण खरी गोची वेगळीच होती. पंखा चढला की बाबाही नकळत आवाज चढवायचे आणि दहा मिनिटांत त्यांचा घसा बसायचा. "अरे, हे मध्येच खेकसतं का?" असं विचारून ते उठून जात. एकदा उठले की त्या दिवसाचं वाचन संपलं. डबा दुसऱ्या खोलीत नेण्यासारखा नाही. वह्यांचं फडताळ, इन्व्हर्टरचा पॉइंट आणि बाबांची बैठक हे सगळं एकाच माजघरात.

तर आता कामाचं बोलू.

सगळ्यात आधी स्क्रूड्रायव्हर. ज्या घरात रोज धूप, कापूर आणि उदबत्ती लागते तिथे हीटसिंकच्या पात्यांमध्ये नुसती धूळ बसत नाही, धूळ आणि काजळीचा तेलकट नमदा बसतो. रंगाचा जुना ब्रश, नवी थर्मल पेस्ट आणि अर्धा तास. कुठल्याही सॉफ्टवेअरआधी हे करावं, कारण तुंबलेल्या हीटसिंकवर पंख्याची कितीही हुशार सेटिंग म्हणजे बंद खिडकीसमोर वारा घालणं.

मग मोजमाप. यासाठी लिनक्सवर तीन गोष्टी पुरतात. 'एलएम-सेन्सर्स' हे पॅकेज टाकून 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवलं की मदरबोर्डवरची तापमान आणि पंख्याच्या फेऱ्या मोजणारी चिप सापडते. 'टर्बोस्टॅट' प्रत्येक कोअर किती गिगाहर्ट्झवर चाललाय आणि प्रोसेसर किती वॅट खातोय ते सांगतं. आणि 'पॉवरटॉप', इंटेलने २००७ मध्ये आणलेलं, कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला सारखा झोपेतून उठवतोय ते दाखवतं. एक संध्याकाळ नुसते हे आकडे बघत बसा. मशीन कुठे तापतं ते कळतं आणि निम्मे तर्क आपोआप गळून पडतात.

आता थोडं फिजिक्स, अगदी थोडं. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो ती साधारण व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रीक्वेन्सी या प्रमाणात असते. वेग कमी केला की कमी व्होल्टेजवर भागतं, म्हणून वेगापेक्षा वीज जास्त झपाट्याने उतरते. समजा वेग २० टक्के कमी केला आणि त्यामुळे व्होल्टेज १० टक्के कमी चाललं, तर ०.८ गुणिले ०.९ गुणिले ०.९ म्हणजे सुमारे ०.६५. एक पंचमांश वेग सोडून एक तृतीयांशाहून जास्त वीज वाचली. उलट बाजूने बघा, 'टर्बो'चे शेवटचे दोन-चारशे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात.

वेग कधी किती ठेवायचा हे कर्नलमधला जो भाग ठरवतो त्याला गव्हर्नर म्हणतात. हे समजायला त्र्यंबकसारखं गाव नाही. एरवीचा मंगळवार असेल तर दुपारी कुशावर्तावर कबुतरं जास्त आणि माणसं कमी. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला किंवा पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला मात्र पाय ठेवायला जागा नसते. 'परफॉर्मन्स' गव्हर्नर म्हणजे बारा महिने सिंहस्थाचा बंदोबस्त. जुना 'पॉवरसेव्ह' म्हणजे श्रावणी सोमवारही मंगळवारच्या माणसांवर काढायचा. 'ऑनडिमांड', जो २००४ साली २.६.९ या कर्नलमध्ये आला, तो थोड्या थोड्या वेळाने स्टँडवर जाऊन गर्दी बघतो आणि दिसली की एकदम सगळ्या जादा गाड्या सोडतो. 'स्केडयुटिल' २०१६ च्या ४.७ कर्नलपासून आहे. तो स्टँडवर जातच नाही. कोणतं काम रांगेत आहे याची नोंद कर्नलच्या शेड्युलरकडे असतेच, तीच वाचून तो गाड्या ठरवतो.

इथे एक खाचखळगा आहे. इंटेलचा स्वतःचा 'पीस्टेट' ड्रायव्हर जेव्हा सक्रिय असतो, तेव्हा तिथे फक्त 'परफॉर्मन्स' आणि 'पॉवरसेव्ह' अशी दोनच नावं दिसतात. हा 'पॉवरसेव्ह' त्या जुन्यासारखा नाही. तो कामाप्रमाणे वेग वरखाली करतो, त्यामुळे नावाला घाबरून तो बदलायचं कारण नाही. माझ्यासारख्या जुन्या प्रोसेसरवर, जिथे वेग ठरवण्याची सोय चिपमध्येच नाही, तिथे २०२० च्या ५.७ कर्नलपासून हा ड्रायव्हर आपणहून मागे राहतो आणि 'स्केडयुटिल'सारखे नेहमीचे गव्हर्नर काम करतात. 'सीपीयूपॉवर' ही कमांड चालवलीत की तुमच्याकडे यातलं काय आहे ते लगेच दिसेल.

आता खरा प्रश्न. हळू चालवलं की वीज वाचते का? नेहमी नाही. काम पटकन उरकून प्रोसेसर गाढ झोपला तर पुष्कळदा एकूण युनिट कमी पडतात, कारण काम रेंगाळलं की तेवढा वेळ डिस्क, रॅम, बोर्ड, पॉवर सप्लाय सगळेच जागे राहतात. म्हणून ८०० मेगाहर्ट्झवर रखडत ठेवणं ही काटकसर नव्हे. पण मला त्या दोन तासांत युनिट वाचवायचेच नव्हते. मला उष्णतेचं टोक खाली आणायचं होतं, म्हणजे पंखा चढणार नाही. आणि रात्री माजघरात कुणी नसतं तेव्हा आवाजाशी कुणाला घेणं नाही, तेव्हा काम लवकर उरकलं तर बरंच. आपण नक्की काय वाचवतोय, युनिट, आवाज की वेळ, हे आधी ठरवलं की बाकी सेटिंग सोपी आहेत. तिन्ही एकदम वाचवणारं सेटिंग नसतं.

तेव्हा मी दोन छोट्या स्क्रिप्ट केल्या. 'वाचन' नावाची स्क्रिप्ट टर्बो बंद करते, वरची मर्यादा ३.७ वरून २.४ गिगाहर्ट्झवर आणते आणि फोटोंचं काम चारऐवजी एकाच कोअरवर ठेवते. 'रात्र' नावाची सगळं मोकळं सोडते. डेस्कटॉपवर दोन चिन्हं, एकावर वही आणि एकावर चंद्र. बाबा स्वतः दाबतात.

कुणी विचारेल, काम नुसतं 'नाइस' करून मागे ढकललं असतं तर? 'नाइस'मुळे ते काम दुसऱ्यांना वाट देतं, पण वाट मागणारं कुणी नसेल तर तेच एकटं प्रोसेसर शंभर टक्के तापवतं. रांगेतली जागा बदलते, चूल तेवढीच पेटते.

आता पंखा. चार पिनांच्या पंख्याला बारा व्होल्ट कायम मिळतात, एका पिनेवरून तो आपल्या फेऱ्या कळवतो आणि उरलेल्या पिनेवरून आपण त्याला शून्य ते २५५ यातला आकडा देतो, म्हणजे किती जोरात ते. डेस्कटॉपवर हे काम 'पीडब्ल्यूएमकॉन्फिग' आणि 'फॅनकंट्रोल' ही जोडी करते. पहिला प्रोग्रॅम प्रत्येक पंखा क्षणभर थांबवून बघतो की कोणत्या आकड्यावर कोणत्या फेऱ्या उतरल्या, आणि त्यावरून फाइल लिहून देतो. तो चालू असताना मशीनवर जड काम नको आणि नजर तापमानावर हवी.

त्या फाइलमध्ये दोन आकडे असतात, 'मिनस्टार्ट' आणि 'मिनस्टॉप'. थांबलेला पंखा फिरायला लागतो तो पहिला आणि फिरणारा पंखा थांबायच्या आत सोडायचा तो दुसरा. पहिला नेहमी मोठा. ज्यांनी जातं ओढलंय त्यांना कारण सांगायला नको, पहिल्या फेऱ्याला दोन हात लागतात आणि मग एकाने भागतं. माझ्या पंख्याला सुरू व्हायला ९० लागतात आणि ६० वर तो मजेत फिरतो. मी त्याला पूर्ण थांबूच देत नाही, कमीत कमी ६०. पंचेचाळीस अंशांपर्यंत तेवढाच, तिथून पंचाहत्तरपर्यंत हळूहळू पूर्ण वेग.

पंख्याचा वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून थोडा वारा सोडून पुष्कळ शांतता मिळते. कानाला सलग आवाजापेक्षा चढउतार जास्त टोचतो, हेही लक्षात ठेवा. एक फोटो उघडला की तापमान क्षणभर उडतं, पंखा धावतो, लगेच उतरतो, असा दमेकऱ्यासारखा श्वास चालू राहतो. त्यावर 'ॲव्हरेज' नावाची ओळ आहे. ती मागच्या काही मोजमापांची सरासरी घेऊन मगच पंख्याला हलवते. मी पाच ठेवलंय. खेकसणं बंद झालं ते या एका ओळीने.

सावधगिरीच्या तीन गोष्टी. कर्नल सेन्सर चिपना जे क्रमांक देतं ते मशीन पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. 'फॅनकंट्रोल' हे ओळखतो आणि चालायला नकार देतो, तेव्हा घाबरू नका, फाइल नव्याने करा. दुसरं, 'फॅनकंट्रोल' नीट बंद झाला तर पंखा परत मोकळा सोडतो, पण मध्येच मारला गेला तर पंखा शेवटच्या वेगावर अडकतो. प्रोसेसर जपला जातो, कारण शंभर अंशांच्या आसपास तो स्वतःच वेग तोडतो. हार्ड डिस्कला अशी सोय नाही, म्हणून तिचं तापमानही बघत जा. २०२० च्या ५.६ कर्नलपासून त्यासाठी 'ड्राइव्हटेम्प' मोड्यूल आहे. आणि तिसरं, परीक्षा मे महिन्यात घ्या. श्रावणात आमच्याकडे ब्रह्मगिरी ढगात असतो, उपरणंसुद्धा वाळत नाही, माजघर गार असतं. तेवढ्याच वॅटवर खोली बारा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण बारा अंशांनी वर जातो. पावसात जमलेलं सेटिंग उन्हाळ्यात टिकेलच असं नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी दोन ओळी. तुमचा पंखा बहुतेक वेळा मशीनमधल्या वेगळ्या कंट्रोलरच्या ताब्यात असतो, 'फॅनकंट्रोल'ला तो दिसतही नाही. थिंकपॅडसाठी कर्नलमध्ये खास मोड्यूल आहे, पण मुद्दाम मागितल्याशिवाय तोही पंख्याचा ताबा देत नाही. तुम्ही 'टीएलपी' टाका आणि पंख्याला त्याच्या नशिबावर सोडा. फक्त 'टीएलपी' आणि 'पॉवर प्रोफाइल्स डीमन' दोन्ही एकाच वेळी ठेवू नका, दोन सासवांच्या घरासारखं होतं.

यातून एक फायदा न मागता मिळाला, इन्व्हर्टरचा. पावसाळ्यात वीज जाते, ती येते तेव्हा येते. आमची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, हातात त्याहून बरीच कमी. 'वाचन' चालू असताना डबा आधीपेक्षा साधारण तीस वॅट कमी घेतो. तीस वॅट म्हणजे एक नवा बीएलडीसी पंखा. मागच्या आषाढात दुपारी वीज गेली, आईने सवयीने वरच्या खोलीतला दिवा बंद केला आणि बाबा वाचतच राहिले. संध्याकाळी वीज आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ती गेली होती.

आता रेकॉर्डिंगमध्ये बाबांचा आवाज येतो, पान उलटल्याचा आवाज येतो, पागोळ्यांचा येतो. आणि एक गोष्ट येते जी माझ्या बेतात नव्हती. शांतता मिळाल्यावर बाबा नुसतं वाचत नाहीत, मध्ये थांबून बोलतात. हे वळण त्यांच्या आजोबांचं, ही शाई पुढे पातळ झाली बघ, या गावाचं नाव आता बदललंय, हे दोघे भाऊ वेगळे आले कारण त्यांच्यात बोलणं नव्हतं. यातलं एक अक्षरही वहीत नाही. पंखा चढलेला असता तर घसा सांभाळून त्यांनी तेवढीच ओळ वाचली असती आणि उठले असते.

फडताळात मोडीच्या अकरा वह्या आहेत. दीड झालीय. महिन्याला दोन शनिवार-रविवार आणि बसण्याला सात-आठ पानं, हा भागाकार मी एकदा केला होता, उत्तर इथे लिहीत नाही. म्हणून आता मी नसतानाही आठवड्यातून दोन सकाळी बाबा स्वतःच वहीचं चिन्ह दाबतात आणि बसतात. रात्री फोनवर फक्त पानाचा आकडा सांगतात.

तुमच्या घरी अशी एखादी वही असेल, आणि ती वाचणारं माणूसही असेल, तर मशीन कुठलंही चालेल. या शनिवारी फक्त त्याचा पंखा तेवढा बघून घ्या.